तोंडी व्यवहार

मंगळवारी सकाळी लॅबमध्ये झाड आलं. कुंडीतलं, रुंद पानांचं, लाल फीत बांधलेलं. आणणारा माणूस सही घेऊन निघून गेला. फितीत खोचलेल्या चिठ्ठीवर दोनच शब्द होते, 'मनापासून आभार', आणि खाली सही. ती सही ओळखायला दातवालीला चष्मा लावावा लागला नाही. घटस्फोटाच्या कागदांवर पानापानाखाली तिने ती पाहिली होती.

"कुणाचं गं ताई?" बाजूच्या टेबलावरून प्लास्टरवाल्याने विचारलं.

"माझ्या मुलीच्या बाबांचं."

"अरे वा!"

"अरे वा काय? तो माणूस आभार मानतो तेव्हा आपल्या खिशातून काहीतरी गेलेलं असतं. काय गेलं ते आता शोधायला लागेल."

दातवाली हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती खोटे दात बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती, आणि गल्लीला तिच्या नावापेक्षा तिचा धंदा लक्षात ठेवणं सोपं पडलं. डॉक्टर लोक तोंडाचे साचे पाठवत, प्लास्टरवाला त्यात प्लास्टर ओतून जबडे काढी, आणि त्या जबड्यांवर पोर्सेलीनची ओली पूड ब्रशने थरावर थर चढवून, भट्टीत भाजून, ती दात उभा करी. रंग जुळवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. शेजारच्या दाताचा रंग पहिल्या नजरेत ठरवायचा, ही तिची पद्धत. टक लावून बघत बसलं की डोळा लबाड होतो, समजूतदारपणा दाखवायला लागतो आणि चुकीचा रंगही त्याला बरोबर वाटतो. मग नजर काढून राखाडी पुठ्ठ्याकडे बघायचं, डोळा धुवून घेतल्यासारखा करायचा, आणि पुन्हा पहिल्यांदाच बघतोय असं बघायचं.

नवऱ्याच्या बाबतीत तिने ही पद्धत वापरली नव्हती. तिथे ती टक लावून बघत बसली होती.

त्याला लॅबमध्ये सगळे हसरा म्हणत. तो सोफे आणि पलंग विकणाऱ्या शोरूममध्ये होता. असा हसे, की नुसतं पाय मोकळे करायला आत शिरलेलं जोडपं तीन माणसांचा सोफा बुक करूनच बाहेर पडे. त्या हसण्यातले पुढचे दोन दात दातवालीने केलेले. लग्नानंतर मोटरसायकलवरून पडून त्याचे मूळचे गेले होते. घटस्फोटात गाडी त्याच्याकडे गेली, सोफा त्याच्याकडे गेला, दात तर गेलेच. ते परत मागण्याची सोय कायद्यात नव्हती.

पुढे दातवालीकडे पैसा आला तो लॅबमधूनच. मागे एकदा लॅब पार बसायला आली होती. मालकाकडे पगारापुरतेही पैसे नव्हते. त्याने सगळ्यांना बोलावून सांगितलं, "पगार देता येत नाही, हिस्सा देतो. नको असेल त्याने दुसरीकडे जावं, मी वाईट वाटून घेणार नाही." बाकीचे त्याच संध्याकाळी गेले. प्लास्टरवाला आळसाने राहिला आणि दातवाली भट्टीच्या मायेने. हसऱ्याने तो हिश्शाचा कागद उलटसुलट करून बघितला होता आणि म्हणाला होता, "रद्दीवाला तरी घेईल का गं हा?" पुढे काडीमोड झाला तेव्हा 'जे ज्याच्या नावावर ते त्याचं' हे कलम त्यानेच हट्टाने घालून घेतलं, कारण गाडी त्याच्या नावावर होती. आणि यंदा एका बड्या कंपनीने लॅब विकत घेतली. बँकेतल्या बाईने स्क्रीन फिरवून खात्यावरचा आकडा दाखवला तेव्हा दातवालीने पहिला प्रश्न विचारला तो, हे खातं माझंच आहे ना.

त्यानंतर लोक कसे बदलले याची तिने मनातल्या मनात नोंद ठेवली. ज्या वहिनीला तिचा फोन नंबर कधी सापडत नसे, तिला तो आठवड्यातून दोनदा सापडू लागला. घरमालकाने जिन्यातला गेलेला बल्ब न सांगता बदलला. जबड्यांचं पार्सल घेऊन येणारा माणूस, जो पूर्वी "ओ बाई" म्हणे, तो "मॅडम" म्हणून खोकू लागला. ती स्वतः मात्र जागची हलली नाही. त्याच दोन खोल्या, तेच काम. एक भारी कोट तेवढा घेतला आणि किमतीचं लेबल न काढता कपाटात टांगला. परत करायची मुदत संपेपर्यंत ती रोज कपाट उघडून त्याच्याकडे पाही, घाले मात्र नाही. मुदत संपली त्या दिवशी तिच्या अंगात कसकस भरली.

श्रीमंतीची सवय व्हायला वेळ लागतो, भीती मात्र लगेच जमते. पैसे जातील ही तिची भीती नव्हती. ते मुळात आलेत यावरच तिचा पुरता विश्वास बसला नव्हता. पैशापायी बारकी जाईल, ही भीती होती.

बारकी म्हणजे तिची मुलगी. तेरा वर्षांची झाली, आईपेक्षा बोटभर उंच झाली, तरी बारकीच. कोर्टाने रविवार बाबांचा ठरवून दिला होता. त्यातले निम्मे रविवार शोरूमच्या सेलमध्ये गेले आणि उरलेल्यातले निम्मे "आज अंग मोडून आलंय" मध्ये. बारकी बूट घालून खिडकीशी बसे आणि दुपार कलली की न सांगता बूट काढून ठेवी. मग पैशाची बातमी फुटली आणि हसरा एकाएकी वक्तशीर झाला. दर रविवारी खाली हॉर्न वाजू लागला. बारकी जिना उतरायची ती दोन-दोन पायऱ्या गाळून. ही वक्तशीर माया कुठून फुटली ते दातवालीला चांगलं कळत होतं. बारकीला कळत नाही, असं ती धरून चालली होती. इथेच तिचा हिशेब चुकला.

नवरा-बायकोंनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. भांडून नव्हे, भांडण टाळायला. एकदा जिन्यात दोघं असे कडाडले होते की प्रत्येक मजल्यावरचं दार उघडलं. तेव्हापासून सगळा व्यवहार तोंडी आणि बारकीमार्फत. फोनवर लिहायची सोय होती, पण लिहिलेलं उद्या वकिलाच्या हातात पडतं, ही धास्ती दोघांनाही सारखीच. त्यामुळे "बाबांना सांग, फी भरायचीय", "आईला सांग, पुढच्या महिन्यात बघू", असं ते पोर पहिलीत असल्यापासून निरोप नेई आणि आणी. आणि नवल म्हणजे, माणूस सुधारत चालला होता. जो पूर्वी "त्या बाईला विचार" म्हणे तो अलीकडे "आईला म्हणावं, सवडीने कळव" असं म्हणू लागला होता. वय झालं की निवळतात काही काही, असं दातवालीने प्लास्टरवाल्याला एकदा बोलूनही दाखवलं होतं.

मागच्याच महिन्यात निरोप आला होता. बाबा नोकरी सोडून स्वतःचं फर्निचरचं दुकान काढायचं म्हणतायत, आई भागीदार म्हणून पैसे घालेल का. "घाई नाही म्हणालेत," बारकीने जोडलं होतं.

दातवाली भांडी घासत होती. "त्याला सांग, माझ्याकडून एक छदाम मिळणार नाही. उलटा लटकलास तरी नाही."

"असंच सांगू?"

"शब्दाला शब्द."

"बरं," बारकी म्हणाली होती.

त्यावर हसऱ्याकडून ना शिवी आली, ना टोमणा. आलं ते हे झाड.

संध्याकाळी तिने बारकीला विचारलं, "तुझ्या बाबांनी मला झाड पाठवलंय. कशाबद्दल गं?"

बारकी वहीत डोकं घालून बसली होती. "असंच असेल. बाबा हल्ली सगळ्यांनाच झाडं देतात."

"सगळ्यांना म्हणजे कुणाकुणाला?"

"सगळ्यांना."

पोरीने मान वर केली तेव्हा चेहऱ्यावर भीती होती, आणि लगेच तिच्यावर हसू चढलं. अगदी बापाचं हसू. दातवालीने भिंतीकडे बघितलं आणि मग पुन्हा बारकीकडे. रंग तोच होता.

गुरुवारी दादाचा फोन आला. दादा म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ, जो फोनवर नेहमी दुखावलेलाच असे.

"तू त्याला दुकान काढून देतेयस, आणि मला ते बाहेरून कळतंय?"

"कुणाला?"

"आता वेड पांघरू नकोस. परवा तोच भेटला. कोपऱ्यावरचं ते चपलांचं बंद पडलेलं दुकान आहे ना, ते घेतोय. विसार देऊन मोकळा झालाय. माझा हात धरून म्हणाला, तुमची बहीण देवमाणूस आहे. अगं, मला दरदरून घाम फुटला. सबंध लग्नात तुला तो एकदा तरी काही चांगलं बोलला होता का?"

मागून वहिनीचा आवाज आला, "भागीदारीत अजून जागा आहे का, विचारा की."

"ही विचारतेय—"

"ऐकलं मी," दातवाली म्हणाली आणि फोन ठेवला.

जेवणाच्या सुट्टीत ती त्या कोपऱ्यावर गेली. रस्त्यापलीकडून तिला काचेतून सगळं दिसलं. आत हसरा एकटाच होता. टेपचं एक टोक बुटाखाली दाबून तो भिंत मोजत होता आणि शीळ घालत होता. गिऱ्हाईक समोर नसताना तो हसतोय, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. दारावरची पाटी रंगवायला घेतलेली होती. तिच्यावर अजून 'बारकी' एवढंच झालं होतं, पुढची जागा कोरी होती. लबाडी दिसली असती तर तिला राग धरता आला असता. दिसला तो खुशीत आलेला माणूस.

त्या संध्याकाळी तिने वही बाजूला केली आणि बारकीसमोर बसली.

"तू त्याला काय सांगितलंस?"

"काय?"

"मी म्हणाले होते, छदाम नाही. तू काय सांगितलंस?"

बारकीने नखं बघितली. "आई विचार करतेय, असं."

"मग?"

"मग त्यांनी पुन्हा विचारलं. मग मी म्हटलं, बहुतेक हो म्हणेल."

"मग?"

"मग ते इतके खूश झाले गं! मला म्हणाले, दुकानात तुझ्यासाठी वेगळी खुर्ची ठेवणार, फिरती."

"बारके."

"मग मी म्हटलं, हो म्हणाली."

"का?"

"तू म्हणालीस ते सांगितलं असतं तर ते पुढच्या रविवारी आले असते का?"

याचं उत्तर दातवालीला ठाऊक होतं, पण ते पोरीला देण्यासारखं नव्हतं.

"आता खरं काय ते तूच त्याला सांगायचं," ती शेवटी म्हणाली.

"नको ना! तू सांग. पण मी खोटं बोलले असं नको सांगू. ते माझ्याशी बोलणारच नाहीत मग." बारकीचे डोळे भरले. "नाहीतर देऊन टाक ना पैसे. तुझ्याकडे आहेत की. तुला ते वापरता तरी कुठे येतात? कोटसुद्धा घालत नाहीस."

शुक्रवारी दातवालीच्या हातून एक दात भट्टीत जास्त भाजला गेला. प्लास्टरवाल्याने तो उचलून उजेडात धरला आणि तिच्यासमोर ठेवला. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. तिचं डोकं दुसऱ्याच बेरजेत अडकलं होतं. पैसे देऊन टाकले तर बारकीचे रविवार विकत मिळत होते, पण ही वस्तू एकदा विकत घेऊन भागणारी नव्हती. पुढच्या वर्षी भाव वाढणार, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. खरं सांगितलं तर पोर बापाच्या नजरेतून उतरणार, आणि तो माणूस असा, की डूख धरला तर स्वतःच्या मुलीवरही धरेल. राहता राहिलं ते सगळं आपल्या अंगावर घेणं. त्याच्या नजरेत आपण आधीच इतक्या तळाला आहोत की आणखी उतरायला जागा नाही, असं तिने धरलं. तो खर्च झेपण्यासारखा होता.

रविवारी खाली हॉर्न वाजला नाही. जिन्यावर पावलं वाजली.

हसरा आत आला. या घरात त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं. नवा शर्ट, काखेत फाइल. त्याने खोलीवरून नजर फिरवली. "अजून इथेच? मला वाटलं, हलली असशील."

"भाडं परवडतं," दातवाली म्हणाली.

तो दिलखुलास हसला, खुर्ची ओढून बसला आणि फाइल उघडली. बारकी बूट घालून तयार होती. ती ओट्याला टेकून उभी राहिली, हातात पाण्याचा ग्लास, न प्यालेला.

"हा जागेचा करार. जामीनदार म्हणून तुझी सही इथे, आणि इथे. उरलेली रक्कम या आठवड्यात दिलीस की झालं. जागेचा मालक भला माणूस आहे. विसार मात्र आधी मोजून घेतला त्याने." तो थांबला, आणि त्याला अवघड जात होतं हे तिला दिसलं. "आणि हे बघ, मला वाटलं नव्हतं तू... म्हणजे, झाड मिळालं ना?"

"मिळालं." तिने कागद त्याच्याकडे सरकवले. "मी सही करणार नाही."

"वाच ना आधी. घाई नाही."

"वाचूनही करणार नाही. आणि पैसेही देणार नाही."

हसू त्याच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं. त्यातून डोळे तेवढे उठून गेले.

"तू हो म्हणाली होतीस."

दातवालीने ओट्याकडे बघायचं टाळलं. "म्हणाले होते. आता मन बदललं."

"मन बदललं!" त्याने टेबलावर असा हात मारला की फाइल उडाली. "काय गं, चपलेचा जोड आहे का तो? चावला म्हणून बदलला? पूर्वी निदान शब्दाची तरी पक्की होतीस. कडू बोलायचीस, पण एकच बोलायचीस. दोन पैसे काय आले, जीभ उलटी फिरायला लागली!"

हे तिला लागलं, कारण त्यातलं पूर्वीचं खरं होतं.

"विसार माझ्या बचतीतून गेला. शुक्रवारी राजीनामा दिला मी. मॅनेजरच्या टेबलावर आपटला आणि त्याला काय काय बोललो, तुला सांगू?"

"राजीनामा?" हे तिच्या बेरजेत नव्हतं. "दिलास?"

"तुझ्या शब्दावर! मूर्ख मी! बारके, इकडे ये."

"तिला मध्ये आणू नकोस."

"मध्ये? ती मध्येच असते. ये इकडे, घाबरू नकोस. तुझी आई तुला काय म्हणाली होती ते आता तिच्या तोंडावर सांग. म्हणजे पुढे मला खोटं पाडायला नको."

"मी सांगितलं ना, हो म्हणाले होते!" दातवालीचा आवाज चढला. "पोरीला कशाला साक्षीला उभी करतोस?"

"मला तिच्या तोंडून ऐकायचंय. जसं म्हणाली तसं. शब्दाला शब्द."

बारकीने ग्लास ओट्यावर ठेवला.

"'माझ्याकडून एक छदाम मिळणार नाही,'" ती म्हणाली. "'उलटा लटकलास तरी नाही.'"

"काय म्हणालीस?"

"आई असं म्हणाली होती. शब्दाला शब्द. हो मी म्हटलं." आणि मग, एकदा तोंड उघडल्यावर, तिला ते मिटता येईना. "आणि 'सवडीने कळव' असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. 'त्या दगडाला म्हणावं, तोंड उघड,' असं म्हणालात. आणि तुमचा पाय मुरगळला होता ना बाबा, तेव्हा आईने 'काळजी घ्या म्हणावं' असं नव्हतं सांगितलं. 'बरं झालं' म्हणाली होती. आणि आई, माझ्या वाढदिवसाला बाबांना खूप वाईट वाटलं, यायला जमलं नाही म्हणून, ते पण नाही. त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं. मला सगळं पाठ आहे. बाबांचं 'विकत घे म्हणावं स्वतःच्या बापाच्या पैशाने' पण आहे. अजून सांगू?"

"नको," दोघंही एकदम म्हणाले.

कित्येक वर्षांत त्यांचं एकमत झालं ते एवढंच. दातवाली टेबलाच्या कडेकडे बघत होती, हसरा जमिनीकडे. निवळत चाललेला तो माणूस कुठे नव्हताच. आणि त्याला भेटलेली समंजस बायकोही कुठे नव्हती. त्या दोघांना एका लहान मुलीने घडवलं होतं, आणि त्यांच्याशी हसऱ्याचं आणि दातवालीचं बरं चाललं होतं.

"मी नोकरी सोडली, बारके," हसरा अगदी हळू आवाजात म्हणाला.

"मला माहीत नव्हतं तुम्ही सोडाल."

"मग काय वाटलं तुला?"

"वाटलं, नुसतं बोलताय. नेहमीसारखं."

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते दातवालीच्या अपेक्षेतलं नव्हतं. राग नव्हता, ओशाळलेपण होतं. आता काहीतरी बोलून हे सावरावं, असं दातवालीच्या मनात आलं. तिने जीभ दाताखाली धरली.

हसऱ्याने कागद गोळा केले, फाइलमध्ये कोंबले. उभा राहिला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्या आईला सांग—"

"ती समोर बसलीय," बारकी म्हणाली.

तो थांबला. मग, एखादं जड कपाट फिरवावं तसा, दातवालीकडे वळला.

"माझा विसार बुडतो."

"विसार मी भरते. परस्पर जागेच्या मालकाशी बोलते, त्याने परत दिला तर ठीक, नाहीतर तेवढी रक्कम तुला. शब्द माझ्या घरातून गेला होता. पण त्यापुढे एक—"

"छदाम नाही. ऐकलं आत्ताच. आणि नोकरी?"

"ती तू सोडलीस. उद्या जाऊन परत माग."

"काय काय बोललोय त्याला, सांगितलं ना?"

"मग तेही परत घे."

"तुला काय जातंय सांगायला!"

"जातंय ना. विसार जातोय."

तो हसला नाही. "एवढं आहे तुझ्यापाशी. ते दुकान म्हणजे तुझी खिशातली चिल्लर. मला काय तुझी गाडी हवी होती? बंगला हवा होता? आयुष्यात एकदा स्वतःचं काहीतरी—" त्याने वाक्य तिथेच सोडून दिलं.

"चिल्लर आहे, कबूल," दातवाली म्हणाली. "मी पाटी पाहिली. तू शीळ घालत होतास ते पण पाहिलं. द्यावंसं वाटलं मला. पण दिलं ना, की तू दर रविवारी येशील, आणि तू कशासाठी येतोस ते आम्हाला दोघींना कधीच कळणार नाही. कदाचित तुलाही नाही."

काहीतरी झणझणीत त्याच्या ओठावर आलेलं तिला दिसलं. पण समोर बारकी उभी होती, आणि ती ते पाठ करणार होती, हे त्याला आता ठाऊक होतं.

दाराशी जाऊन तो बारकीला म्हणाला, "आज नको जायला." आणि गेला.

बारकी बूट घालून तशीच उभी राहिली. जिन्यावरची पावलं खाली खाली चालली होती.

"पुढच्या रविवारी येतील?"

'येईल गं, कुठे जातोय,' हे दातवालीच्या तोंडात तयार होतं. तिने ते गिळलं. "मला माहीत नाही."

"विचारू?"

"तुला विचारायचं असेल तर विचार. तुझं तू. माझं नाव घालू नकोस त्यात."

बारकी धावली. दातवाली टेबलाशीच बसून राहिली. जिन्यातून दोन आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. उठून दाराशी गेलं असतं तर कळले असते. ती उठली नाही. खाली गाडी सुरू झाली. बारकी धापा टाकत वर आली आणि दाराला टेकली.

"'बघतो' म्हणाले."

"आणि?"

बारकी घुटमळली. जुनी सवय होती ती, डोळ्यांपुढून एक वाक्य फिरवून, त्याचे कोपरे घासून घ्यायची. मग तिने ते तसंच पुढे केलं. "आणि तू जगातली सगळ्यात कंजूष बाई आहेस म्हणाले."

"असं म्हणाला?"

"'बाई' नाही म्हणाले. दुसरा शब्द होता."

"तोही सांग," दातवाली म्हणाली.

बारकीने सांगितला.